भुजचे भरतकाम पाहायला बारा जणी

कच्छच्या भरतकामाविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच अजरखपूरच्या संग्रहालयाबद्दल आहेत. भुजपासून सुमारे 15 किलोमीटरवर, भुज-भचाऊ रस्त्यालगत असलेले हे ‘लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर’ ‘श्रुजन’ या संस्थेने उभारले. चंदाबेन श्रॉफ यांनी 1969 मध्ये श्रुजनचे काम सुरू केले, 2006 मध्ये त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला आणि 2016 पासून हे संग्रहालय लोकांसाठी खुले आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीच्या बारा मैत्रिणी, वय पन्नास ते सत्तर. सगळ्या भरतकाम करणाऱ्या. तीन दिवसांत भुजजवळचे हे संग्रहालय नीट पाहून व्हावे, यासाठी आखणी कशी करावी?

उत्तर : आधी तिकिटे. रेल्वेच्या एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात, म्हणजे तुम्हाला किमान दोन तिकिटे लागतील. पण सहा-सहाची दोन काढू नका. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना खालची बर्थ मिळावी म्हणून जो कोटा आहे, तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच लागू होतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांची दोघी-दोघींची तिकिटे वेगळी काढा, उरलेल्यांचे एकत्र. आरक्षण 60 दिवस आधी उघडते. डिसेंबर-जानेवारीत रणोत्सवामुळे गाड्या आणि हॉटेले दोन्ही भरतात, पौर्णिमेच्या आसपास तर जास्तच, तेव्हा त्या तारखा टाळा. कच्छ एक्सप्रेस वांद्रे टर्मिनसहून सुटते आणि बोरिवलीला थांबते; संध्याकाळी बसून सकाळी भुज.

तारीख पक्की करण्याआधी संग्रहालयाला फोन करा. साप्ताहिक सुट्टी, सणाची सुट्टी आणि कुठले दालन बदलासाठी बंद आहे का, या तिन्ही गोष्टी विचारा. तिसरी बहुतेक गट विचारत नाहीत आणि दाराशी जाऊन हिरमुसतात. बारा जणी येणार हेही आधीच कळवा, माहिती सांगणारी व्यक्ती मिळते का ते विचारून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. अशा सहली बिघडतात त्या गाडीतल्या जागा मोजून आखल्यामुळे. भरतकाम पाहायचे तर डोळ्यांचा विचार आधी करायला हवा. कापडावर उजेड पडला की रंग उडतात, रेशीम ठिसूळ होते आणि झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून संग्रहालये कापडावरचा प्रकाश साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचे एकक), म्हणजे मंद ठेवतात. कच्छच्या उन्हातून थेट आत शिरलात तर पहिली दहा मिनिटे काही नीट दिसत नाही, आणि वय जास्त तेवढा डोळ्यांना सरावायला वेळही जास्त. आत येऊन बसा, पाणी प्या, मग सुरुवात करा.

बारा जणी एका काचेसमोर उभ्या राहिल्या तर पुढच्या तिघींनाच टाका दिसतो. तिघी-तिघींचे चार गट करा आणि प्रत्येक गटाने वेगळ्या टोकाहून सुरुवात करावी. दर गटात एखादी तरी कापडाचे धागे मोजून भरणारी असू द्या, म्हणजे तिच्या नजरेने बाकीच्यांना दिसते. दीड तास पाहा, अर्धा तास बसा, मग पुन्हा एक तास. त्यापुढे मान आणि कंबर बोलू लागते आणि डोळे नुसते रंगांवरून फिरतात.

पहिल्या दिवशी सकाळी पोहोचल्यावर झोप काढा आणि दुपारी भुजमधलेच कच्छ म्युझियम पाहा. हे 1877 चे, गुजरातेतील सर्वांत जुने संग्रहालय. दुसरा दिवस सकाळपासून अजरखपूरला. परतताना वाटेवर भुजोडी लागते, तिथे विणकरांचे माग आहेत. तिसऱ्या दिवशी पुन्हा अजरखपूर, फक्त तासभर, आणि आदल्या दिवशी ज्यांच्यापुढे पाय थबकले तेवढेच चार-पाच नमुने पाहायचे. ही दुसरी फेरी आम्ही अगदी आग्रहाने सुचवतो. पहिल्या फेरीत नक्षी दिसते, दुसऱ्या फेरीत ती कशी केली हे दिसते. शिवाय कच्छच्या रणासाठी या तीन दिवसांत जागा नाही. ते जोडायचे तर चौथा दिवस काढा.

गाडीबद्दल थोडक्यात : सात आसनी गाडीत चालक सोडून सहा जणी बसतात, पण मग सामानाला जागा राहत नाही. स्टेशनहून हॉटेलपर्यंत सामानासह जायला तीन गाड्या घ्या, पुढे दोन पुरतात. आगाऊ रक्कम प्रत्येकीकडून तिकिटे काढण्यापूर्वीच घ्या, आणि ऐनवेळी कोणी गळाली तर तिच्या वाट्याचे गाडीभाडे परत मिळणार नाही हे आधीच ठरवा. नंतर ठरवायला गेले की मैत्री ताणली जाते.

प्रश्न : मी कसूती, म्हणजे कर्नाटकी भरतकाम करते. कच्छचे इतके प्रकार एकदम पाहताना गोंधळ होतो असे ऐकले. आधी काय पाहू? (सांगली)

उत्तर : आधी ‘सूफ’ पाहा. ते तुम्हाला लगेच कळेल, कारण इरकलीवरच्या कसूतीप्रमाणेच तेही आखून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून भरतात. फरक असा की कसूतीतला गावंती हा प्रकार दुहेरी धावदोऱ्याने दोन्ही बाजूंना सारखा उमटतो, तर सूफ कापडाच्या उलट्या बाजूने भरतात आणि नक्षी सुलट बाजूला तयार होते. त्रिकोण हा तिचा पाया. एक धागा चुकला की पुढची सगळी ओळ तिरकी जाते.

मग ‘खारेक’. तीही मोजूनच, पण आधी काळ्या दोऱ्याने चौकटींचा सांगाडा घालतात आणि नंतर आत भरीव टाक्यांच्या पट्ट्या. अर्धवट राहिलेला नमुना मांडलेला असेल तर त्याच्यापुढे जास्त थांबा, कारण पुरा झालेला नमुना क्रम लपवतो. गरासिया जाटांच्या चुरीवरचे, म्हणजे पायघोळ झग्याच्या छातीवरचे काम पाहा : फुलीचा टाका इतका दाट की मूळ कापड दिसतच नाही.

मोजणीचे तीन झाले की आखून भरायच्या प्रकारांकडे वळा. ‘पक्को’त सुईने मातीची रेघ ओढून आकार काढतात, मग चौकोनी साखळी आणि काजाचा टाका घट्ट भरतात, कापड विरले तरी टाका टिकतो. रबारी समाजाच्या कामात साखळी टाक्याच्या रेघा आणि गोल, चौकोनी, त्रिकोणी, लांबट असे नाना आकारांचे आरसे, जोडाच्या शिवणीवर बखिया. अहीर कामात वळणदार साखळी आणि मोर. मुतवा समाजाच्या कामात आरसे अगदी बारीक. मोच्यांचे आरीकाम मात्र सुईचे नसून आकडीचे; साखळी अखंड आणि एकसारखी दिसली की ओळखा.

रबारी काम पाहताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. ढेबरिया रबारी समाजाने 1995 मध्ये आपल्या बायकांच्या हातच्या भरतकामावर बंदी घातली, कारण लग्नात द्यायच्या भरलेल्या कपड्यांची मागणी वाढत चालली होती आणि ते पुरे होईपर्यंत मुलींचे सासरी जाणे लांबत होते. म्हणून तिथली एखादी जुनी चोळी म्हणजे जिची रीत थांबली अशी वस्तू असू शकते. त्या वस्तूपुढे घाई करू नका.

प्रश्न : भिंग कोणते न्यावे? आणि फोटोला मनाई असेल तर नमुना लक्षात कसा ठेवावा? (नाशिक)

उत्तर : दहापट मोठे दाखवणारे भिंग नेऊ नका. ते वस्तूपासून अडीच सेंटीमीटरवर धरावे लागते आणि मध्ये काच असते. तीनपटीचे पुरते. प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा असेल तर जवळचा वेगळा चष्मा बरोबर ठेवा, नाहीतर उंचावरचा नमुना पाहताना हनुवटी वर करून मान आखडते.

नमुना उतरवायला शाळेची आलेखवही आणि शिसपेन्सिल घ्या. पेनाची शाई कापडाजवळ नकोच. अख्खी नक्षी काढायला बसू नका. एक घटक, तो किती घरांनी पुन्हा येतो तो आकडा आणि कोपऱ्यात वळण कसे घेतले आहे, एवढे टिपा. कोपरा राहिला की घरी आल्यावर चौकट जुळत नाही, हे जवळजवळ प्रत्येकीच्या बाबतीत घडते.

प्रश्न : खरेदीत हातकाम आणि मशीनकाम कसे ओळखावे? (ठाणे)

उत्तर : वस्तू उलटी करा. मशीनकामात वरचा आणि खालचा असे दोन दोरे असतात. मागे बहुधा एकाच रंगाचा, पुष्कळदा पांढरा दोरा दिसतो आणि कधी चिकटवलेला कागदही. हातकामात मागेही तेच रंग, मधूनमधून गाठी, आणि दोन फुलांची मापे किंचित वेगळी. आरसा नखाने हलवून पाहा : हातकामात आधी दोऱ्यांची जाळी घालून आरसा बांधतात आणि त्यावर टाका चढवतात. स्वस्त मालात तो चिकटवलेला असतो, वर तयार कडे शिवलेले.

दाट भरलेला पूर्ण ओढणीभर नमुना फारच थोडक्या पैशांत मिळत असेल तर तो हाताचा नाही, असे समजा. बजेट कमी असेल तर लहान पण खरा तुकडा घ्या. बटवा किंवा चौकोनी पट्टीही भिंतीवर शोभते.

प्रश्न : आणलेली भरलेली चादर धुताना लाल रंग पांढऱ्यावर उतरला. मिठाच्या पाण्यात भिजवली होती. काय चुकले? (पुणे)

उत्तर : मिठाने रंग पक्का होत नाही आणि भिजत ठेवल्याने सुटलेला रंग शेजारी बसायला वेळ मिळाला. पुढच्या वेळी आधी ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने प्रत्येक गडद दोऱ्यावर हलके दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर पाण्यात घालूच नका, ड्रायक्लीनिंगला द्या. लागला नाही तर थंड पाण्यात, सौम्य साबणाने, दोन-तीन मिनिटांत काढा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि उलटी पसरून सावलीत वाळवा. आत्ताचा डाग वाळला नसेल तर चादर भरपूर थंड पाण्यात बुडवून, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बदलत राहा. इस्त्री अजून फिरवली नसेल तर बराच रंग निघेल.