लायसन्स आहे, पण घरची मॅन्युअल गाडी रस्त्यावर काढायची भीती वाटते. सिग्नलला सारखी बंद पडते. काय करू? की सरळ ऑटोमॅटिक घेऊ?

तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर काहीच अडचण आली नाही, घरची गाडी मात्र दर सिग्नलला बंद पडते. यात नवल काही नाही. स्कूलच्या गाडीत शेजारी बसलेल्या सरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. तुम्ही स्टिअरिंग शिकलात, डाव्या पायाचं निम्मं काम सर गुपचूप करत होते. म्हणजे भित्रेपणा वगैरे काही नाही, डावा पाय शिकायचा राहिलाय एवढंच.

घरातल्या बऱ्याच जणांना मी गाडी शिकवली आहे, सगळ्यात अलीकडे भाचीला. सुरुवात प्रत्येकाची एकच: ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. सपाट, रिकामी जागा बघायची. पहिला गिअर टाकायचा, हँडब्रेक सोडायचा, उजवा पाय ब्रेकवर नुसता तयार ठेवायचा आणि क्लच अगदी सावकाश वर येऊ द्यायचा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, आरपीएमचा काटा आठशेच्या आसपास असतो तो जरा खाली झुकतो, बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. भाची तर ओरडलीच, "मामा, गाडीनं नाक वर केलं!" तोच हाफ क्लच. तिथे पाय थांबवायचा, रेस न देताही गाडी सरकायला लागते.

बहुतेकांची गाडी बंद पडते ती यानंतरच्या क्षणी. गाडी हलली की हुश्श करून पाय सोडून देतात. आत काय होतं ते बघा. इंजिन फिरतंय, चाकं जवळजवळ उभी आहेत, आणि दोघांचा वेग जुळेपर्यंत क्लच प्लेट घासत राहणार. तो जुळायच्या आत पाय सोडलात तर उभ्या चाकांचा सगळा भार इंजिनावर पडतो, गचका बसतो आणि इंजिन बंद. म्हणून गाडी हलल्यावरही पाय तिथेच धरा, चाकं नीट फिरायला लागली की मग उरलेला क्लच सोडा. हे पायात मुरेपर्यंत बाकी काही करू नका. पुढे, रिव्हर्स, पुढे, रिव्हर्स, सगळं रेसशिवाय. घरच्यांना कंटाळा येईल, येऊ दे.

भाचीची नजर दर वेळी गिअरच्या नॉबकडे जायची. मी त्यावर रुमाल टाकला. थोडी चिडचिड झाली, पण मग हाताला आपोआप कळायला लागलं.

आधी सीट बघा. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून टोकानं क्लच दाबणाऱ्याला हाफ क्लच कधीच सापडत नाही. आणि चप्पल नको, पावसाळ्यात ओली रबरी चप्पल तर मुळीच नको. पातळ तळाचे बूट घाला.

आता चढ, कारण खरी भीती तिथेच असते. मागे रिक्षा अगदी चिकटून उभी, आपली गाडी मागे गेली तर? हँडब्रेक त्यासाठीच आहे. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच हाफवर. गाडीचं नाक उचललेलं जाणवलं की मगच हँडब्रेक खाली. गाडी तसूभरही मागे जात नाही. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर दुपारी, वर्दळ नसताना, कोणा जाणत्याला शेजारी बसवून हे करा. रॅम्प जमला की उड्डाणपुलावरच्या ट्रॅफिकचं काही वाटत नाही.

मध्येच बंद पडली तर ब्रेक दाबा, क्लच पूर्ण दाबा, चालू करा, पहिला गिअर आहे ना तेवढं बघा आणि निघा. पुष्कळदा गाडी तिसऱ्यावरच राहिलेली असते आणि माणूस सेल मारत बसतो. मागचे हॉर्न मनावर घेऊ नका, आपल्याकडे सिग्नल लाल असतानाही वाजवतात.

दोन सवयी मात्र आताच मोडा. एक, चालत्या गाडीत क्लचवर पाय टेकवून ठेवणं. त्यानं प्लेट झिजते, जळका वास येतो आणि खर्चही चांगलाच बसतो. सिग्नलला थांबलात की न्यूट्रल करा आणि पाय काढा. दुसरी, उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे हल्लीच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येताना जो उतार आहे, तिथल्या ट्रकच्या अपघातांमागे हे कारण वारंवार पुढे आलंय. घाटातले जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. दिवे घाटात असो की आंबोलीत, हे चालतं. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

राहिला ऑटोमॅटिकचा प्रश्न. रोज तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये जाणार असतील तर खुशाल घ्या, त्यात कमीपणा कसला. पण निव्वळ भीतीपोटी घेणार असाल तर आधी वरचा सराव करून बघा, घरची गाडी फुकट आहे. आणि स्वस्तातली एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सवरच बेतलेली ऑटोमॅटिक, बघत असाल तर एक लक्षात ठेवा: तिच्यात क्लच असतोच, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, नसेल तर तीही चढावर मागे सरकते. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले सपाट रस्त्यावर फिरवून आणतात, त्यांना एखाद्या खड्या चढावर थांबवायला सांगा.