शिनो, पोर्सिलेन आणि जागा बदलणारा सोडा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एकाच बादलीतल्या शिनो ग्लेझमध्ये (भांड्यावर भाजून काचेसारखा होणारा, मूळ जपानी लेप) पोर्सिलेनचे (बारीक पांढऱ्या चिनी मातीचे) दोन कप एकापाठोपाठ बुडवले. भट्टीतही ते शेजारी शेजारी होते. एक काळा-राखाडी निघाला आणि दुसरा जवळजवळ पांढरा. असं का झालं?

उत्तर: दोन्ही कप कुठे आणि किती वेळ वाळले, ते आधी आठवून पाहा. या ग्लेझमधली सोडियम कार्बोनेटची भुकटी म्हणजे सोडा अ‍ॅश पाण्यात पूर्ण विरघळते. बाकीची खनिजं बुडवल्या जागी राहतात, पण सोडा पाण्याबरोबर प्रवास करतो आणि जिथून पाणी हवेत उडतं तिथे साचतो. म्हणूनच काठावर, कानाच्या बाहेरच्या कडेवर, चाकावर उमटलेल्या बोटांच्या उंचवट्यांवर काळेपणा जास्त दिसतो. सोडा अ‍ॅश ८५१ अंशांना वितळते. ग्लेझचा बाकी भाग तेव्हा कोरडा आणि सच्छिद्र असतो. अशा वेळी भट्टीत काजळी असेल, तर वितळलेल्या सोड्याच्या थराखाली ती कोंडली जाते. जिथे सोडा कमी, तिथली काजळी पुढे जळून जाते आणि पृष्ठभाग पांढरा राहतो.

पंख्याखाली तासाभरात सुकवलेल्या कपात सोडा वर यायला वेळच मिळत नाही. तोच कप तीन-चार दिवस सावकाश वाळू दिला, तर पृष्ठभागावर कापसासारखी पांढरी लव उगवते. ती दिसली की कपाला हात लावू नका. बोट लागलेल्या जागी लव निघते आणि भाजल्यावर तिथे फिकट ठसा राहतो. हाच गुण मुद्दाम वापरता येतो. ओल्या ग्लेझवर प्लास्टिकची पट्टी किंवा पान चिकटवून ठेवा. झाकलेल्या भागातलं पाणी उघड्या कडांकडे सरकतं आणि नक्षी भट्टीच्या आधीच ठरून जाते. शिनोला लहरी म्हणतात, पण ही लहर बरीचशी वाळवण्याच्या फळीवर घडते. तिथली नोंद ठेवली की निम्मं कोडं सुटतं.

प्रश्न: जपानी शिनोत फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं खनिज) आणि थोडी माती एवढंच असतं असं वाचलं. मग माझ्या रेसिपीत सोडा अ‍ॅश आणि स्पोड्युमीन (लिथियम असलेलं खनिज) कशासाठी?

उत्तर: सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या मिनो भागात झालेलं शिनो खरोखर तसंच होतं: स्थानिक फेल्डस्पारचा जाड थर आणि लाकडाच्या भट्टीतलं कित्येक दिवसांचं भाजणं. तुमची रेसिपी अमेरिकन शाखेची आहे. १९७४ च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठात व्हर्जिनिया वर्ट या विद्यार्थिनीने सोडा अ‍ॅश आणि स्पोड्युमीन घालून गॅसभट्टीच्या छोट्या फेरीत चालेल असं ग्लेझ बसवलं. सोडा अ‍ॅश ४ टक्क्यांच्या आसपास असेल तर दुधी पांढरा आणि नारिंगी रंग मिळतो. काजळी कोंडायची असेल तर १० ते १७ टक्क्यांपर्यंत जावं लागतं. नारिंगीला मात्र लोह लागतं आणि पोर्सिलेनमध्ये ते नसल्यातच जमा. ग्लेझखाली लाल मातीच्या स्लिपचा (पाण्यात कालवलेल्या मातीचा) पातळ हात द्या आणि त्यावर शिनो पातळच ठेवा. जाड झालं की पांढरं होतं.

प्रश्न: पातळ पोर्सिलेनच्या वाट्या वाकड्या होतात, काहींचा काठ उभा चिरतो. स्टोनवेअरवर (दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीच्या भांड्यांवर) हेच ग्लेझ नीट बसतं.

उत्तर: यात दोन कारणं मिसळली आहेत, ती वेगळी करून बघा. पहिलं म्हणजे बिस्क केलेली (ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेली) पातळ भिंत ग्लेझचं पाणी आरपार पिते आणि सोडा थेट मातीत उतरतो. पोर्सिलेन १२८० अंशांना आधीच मऊ पडायच्या बेतात असतं. आतून सोडियम मिळालं की ते खचतं. आतली बाजू आधी ग्लेझ करा, पूर्ण एक दिवस वाळू द्या, मगच बाहेरून बुडवा, तेही दोन-तीन सेकंदच. बिस्क ९०० ऐवजी १००० अंशांना केलं तर भिंत कमी पिते. सोडा १७ टक्क्यांचा असेल, तर अशा वाट्यांसाठी तो ६ ते ८ वर आणा. काळेपणा घटेल, पण वाटी उभी राहील.

दुसरं कारण ताणाचं. सोडियम भरपूर असलेलं ग्लेझ थंड होताना मातीपेक्षा जास्त आकसतं. जाड भांड्यावर त्याची बारीक जाळी पडते आणि विषय तिथेच संपतो. पातळ भिंतीवर ते एकाच बाजूला जाड असेल, तर भिंतच फाटते. म्हणून आतून-बाहेरून जाडी सारखी ठेवा, दीड मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. स्पोड्युमीनमधलं लिथियम हे आकसणं कमी करतं. १५ टक्के ठीक. फार वाढवलं तर उलटा त्रास होऊन काठावरून ग्लेझचे कपचे उडतात.

तळाकडेही लक्ष द्या. ओल्या फडक्याने तळ पुसला तरी मातीत मुरलेला सोडा तिथेच असतो, आणि भट्टीतल्या शेल्फवरून उचलताना पोर्सिलेनचा टवका निघतो. अ‍ॅल्युमिना हायड्रेट (भट्टीत न वितळणारी भुकटी) आणि केओलिन (शुद्ध पांढरी माती) समभाग मळून, त्याच्या छोट्या गोळ्यांवर भांडं टेकवा.

प्रश्न: रिडक्शन (हवा कमी करून भट्टीत धुरकट ज्योत ठेवणं) नेमकं केव्हा सुरू करायचं?

उत्तर: ८५० अंशांच्या किंचित आधी. तोपर्यंत भट्टी स्वच्छ हवेत चढवा. मग डँपर (धुराड्याची झडप) आत ढकलून बर्नरची हवा कमी करा. पाहण्याच्या भोकातून मऊ, पिवळसर ज्योत बाहेर आली पाहिजे. पाऊण ते एक तास असं ठेवा. तापमान अडकलं किंवा उतरू लागलं तर हवा थोडी वाढवा. ११०० च्या पुढे ग्लेझचं तोंड मिटतं, त्यानंतर दाट धूर करणं म्हणजे नुसता गॅस जाळणं. तिथून कोन १० (ठरावीक उष्णतेला वाकणारा सूचक शंकू) पडेपर्यंत हलकं रिडक्शन पुरे. रिडक्शनमध्ये तयार होणारा वायू कार्बन मोनॉक्साइड आहे, त्याला वास नाही. भट्टी बंद खोलीत असेल तर अलार्म लावल्याशिवाय पेटवू नका.

प्रश्न: बादलीच्या तळाशी काचेसारखे खडे जमतात. गाळून टाकू का?

उत्तर: अजिबात नको. तो तुमचाच सोडा आहे, गारव्यात स्फटिक झालेला. खडे गरम पाण्यात विरघळवून परत घाला. वर साचलेलं पाणीही ओतून देऊ नका, त्यातही सोडा आहे. नवीन ग्लेझ कालवताना बाजारातला खडेदार धुण्याचा सोडा वजनाला वजन वापरू नका. त्यात खरा सोडा जेमतेम ३७ टक्के असतो, बाकी पाणी. ढवळताना हातमोजे घाला, हा द्रव त्वचा आणि डोळे दोन्ही जाळतो.

प्रश्न: कोपऱ्यांत ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडते.

उत्तर: थर जाड आहे आणि त्यातली माती वाळताना आकसते. रेसिपीतल्या केओलिनचा अर्धा भाग भाजलेला वापरा. बुडवण्याआधी बिस्कवरची धूळ ओल्या स्पंजने पुसा. वाळल्यावर कोपऱ्यात चीर दिसली तर बोटाने हलकेच घासून बुजवा, पण लव उगवण्याच्या आत. शिनो दुसऱ्या ग्लेझच्या वर घालत असाल तर क्रम उलटा करा: शिनो खाली, दुसरं वर.