लक्झरी स्पोर्ट्स कार विकत घ्यावी की लीजवर? हप्ता सोडून खरा खर्च किती येतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "लीजवर घे, कटकट नको." हे वाक्य आमच्या दाजींकडून इतकी वर्षं ऐकतोय, की तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवलं नाही.

सगळ्यात मोठा खर्च घसारा, म्हणजे गाडीची उतरत जाणारी किंमत. त्याचं बिल येत नाही, म्हणून तो कुणी धरत नाही. गॅरेजचं बिल मात्र हातात येतं, घरात सगळ्यांना दिसतं, त्यावर वर्षभर टोमणे मारता येतात. लोक घाबरतात ते नेमके या दुसऱ्या खर्चाला.

माझी गाडी सेकंड हँड, इंजिन सीटच्या मागे मध्यभागी, आठ सिलिंडर. ब्रँड सांगत नाही, उगाच खाली भांडणं नकोत. एकदा गाडी लावल्यावर गोडसर वास यायला लागला आणि मागच्या बाजूला जमिनीवर थेंब दिसले. कूलंट, इंजिन थंड ठेवणारं द्रव. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने न उघडताच रेडिएटरसकट सगळं बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. मी गाडी बाहेरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने प्रेशर लावून पाहिलं. इनटेकच्या खाली, दोन्ही हेडच्या मधल्या खाचेत एक बोटभर रबरी नळी फुटली होती. नळी किरकोळ, पण तिथे हात पोचवायचा तर इंजिन गिअरबॉक्ससकट खाली घ्यायचं. आणि इंजिन उतरवलंच आहे तर क्लच बघून घ्या. क्लच काढलाच आहे तर रिलीज बेअरिंग जुनं का ठेवायचं? माउंट, पाण्याचा पंप, उरलेल्या सगळ्या नळ्या, स्पार्क प्लग. पंप अजून चालू होता, पण तो पुढे गेला असता तर तीच मजुरी पुन्हा भरावी लागली असती. या गाड्यांत सुटा भाग स्वस्तात मिळेलही, त्याच्यापर्यंत पोचणं स्वस्त नसतं.

ते बिल टेबलावर राहिलं आणि दाजींच्या हाती लागलं. दाजी हिशेबाच्या धंद्यातले. चष्मा लावून त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. नळीची किंमत आधी, मग जरा थांबून मजुरी. "एवढ्यात माझी गाडी दोनदा नवी झाली असती रे." ताईसुद्धा हसली. पंपाचं बिल मागून वेगळं आलं होतं, असं ते आजही चारचौघांत सांगतात.

पुढे भाच्याने नवी कूपे घेतली, दाजींच्या सल्ल्याने, 3 वर्षांच्या लीजवर. "ठरलेला हप्ता, वॉरंटी, शेवटी चावी परत." शेवटी चावी परत करायला मीही सोबत गेलो होतो. तपासणी करणाऱ्याने टायरची खोली मोजली. ओरखडे किती लांबीपर्यंत चालतात त्याची एक पट्टी त्याच्याकडे होती, ती पॅनेलवर फिरवली. दोन अलॉय चाकं कडेला घासलेली. मागचे टायर मर्यादेच्या खाली. दुसरी चावी सापडत नव्हती. किलोमीटर करारापेक्षा जास्त. प्रत्येकाचा दर करारात आधीच छापलेला, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. ती यादी दाजींनी घडी करून खिशात ठेवली. मोठ्याने वाचली नाही.

लीजचा हिशेब साधा असतो, पण कागदावर तसा मांडलेला नसतो. गाडीची किंमत 100 धरा आणि 3 वर्षांनी करारात धरलेली किंमत 55. मधले 45 तुम्ही 36 महिन्यांत भरणार, म्हणजे महिना 1.25. वर व्याज. ते काही करारांत मनी फॅक्टर या नावाने 0.0025 असं निरुपद्रवी दिसतं. त्याला 2400 ने गुणा, वर्षाचा 6 टक्के दर निघतो. हा फॅक्टर 100 अधिक 55 या बेरजेवर लागतो, म्हणजे महिना आणखी 0.39. एकूण 36 महिन्यांत 59 गेले. कर, इन्शुरन्स, टायर आणि शेवटची ती यादी वेगळी. दारात गाडी नाही.

आता तीच गाडी 55 ला सेकंड हँड घेतली, 3 वर्षं चालवली, 42 ला विकली. घसारा 13. अडकलेल्या पैशाचं व्याज 10 धरा (दाजी, धरलंय). गॅरेजसाठी 15 धरले, म्हणजे एकदा इंजिन उतरवायचीही तयारी, तरी बेरीज 38 होते. आकडे मानलेले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला. पण पहिल्या मालकाने सोसलेली घसरण दुसऱ्याला सोसावी लागत नाही, हे त्यातून हलत नाही.

मात्र निम्म्या किमतीत घेतली म्हणून पार्ट निम्म्या किमतीत मिळत नाहीत. देखभाल गाडीच्या मूळ किमतीच्या इयत्तेतच राहते. स्वस्तात मिळालेली महागडी गाडी हा पांढरा हत्ती होतो तो इथे.

म्हणून मॉडेल बघून घ्या. फेरारी 355 मध्ये टायमिंग बेल्ट (इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) बदलायला इंजिन खाली घ्यावं लागतं, आणि गाडी चालवली नाही तरी बेल्टचं वय वाढतच असतं. पुढच्या फेरारी 430 मध्ये बेल्टच्या जागी चेन आली. पोर्शे 911 च्या 996 पिढीत आणि 997 च्या सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या आतल्या एका मधल्या दांड्याचं, बेअरिंग कुप्रसिद्ध आहे. ते फुटलं तर अख्खं इंजिन जातं. 2009 च्या मॉडेलपासून नवीन इंजिन आलं आणि तो शाफ्टच राहिला नाही. लोक रंग आणि सीटचं लेदर बघतात, हे बघत नाहीत.

चालू खर्चात टायर आधी. रबर मऊ असतं, मागची जोडी साध्या गाडीच्या निम्म्या अंतरातही संपते. गाडी उभी राहिली तरी टायर म्हातारे होतात: कडेचे चार आकडे वाचा, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. ब्रेक ऑइल साधारण 2 वर्षांनी, किलोमीटर काहीही असोत. कार्बन सिरॅमिक ब्रेक असतील तर डिस्कची किंमत आधी विचारून ठेवा. रस्त्यावर त्या खूप टिकतात, ट्रॅकवर नाही, म्हणून ट्रॅकवर जाणारे कित्येक जण त्या काढून ठेवून लोखंडी लावतात. इन्शुरन्समध्ये ट्रॅक बहुतेक वेळा वगळलेला असतो. पॉलिसी शक्यतो आधी ठरलेल्या किमतीची घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी बाजारभावाचा वाद सुरू होतो.

महिन्याला नक्की किती, ते मी सांगत नाही. काही महिने शून्य जातात आणि एका महिन्यात वर्षभराचं निघतं. त्यासाठी वेगळं खातं ठेवा. ते ठेवता येत नसेल तर सेकंड हँडच्या वाटेला जाऊ नका, आणि मग घरच्यांचं ऐका. धंद्याच्या नावावर गाडी घेऊन लीजचा हप्ता खर्चात दाखवता येत असेल तरी माझं गणित बदलतं. दर 3 वर्षांनी नवीनच गाडी हवी असणाऱ्यालाही लीज वाईट नाही. फक्त ते स्वस्त आहे असं म्हणू नका.

घ्यायच्या आधी स्वतंत्र मेकॅनिककडून कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट करून घ्या, सिलिंडर दाब धरतात की गळतात ते त्यातून कळतं. पोर्शे असेल तर इंजिनचे फेरे लाल रेषेच्या, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या, वर किती वेळा गेले त्याची नोंद कॉम्प्युटरमधून काढता येते, ती मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथूनच मागे फिरा.

दाजी हे वाचतीलच. पाण्याचा पंप त्याच बिलात होता, तिसरी ओळ.