मैत्रिणीचा रिपोर्ट पाहिला म्हणून कम्प्लायन्सचं बोलावणं आलं: हिपाने नोकरी जातेच का?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये एच-१बी व्हिसावर नोकरी. मैत्रीण तिथेच दाखल झाली आणि तिने फोनवर सांगितलं म्हणून तिचा रिपोर्ट स्वतःच्या लॉगिनने पाहिला. आता कम्प्लायन्स विभागाने, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाने, बोलावलं आहे.

हिपा, म्हणजे रुग्णांची माहिती गोपनीय ठेवण्याचा अमेरिकेतला कायदा. त्यात 'काढून टाका' असं कुठेही लिहिलेलं नाही. नियम मोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर योग्य ती कारवाई करा आणि तिची नोंद ठेवा, एवढंच बंधन रुग्णालयावर आहे. तोंडी समज, लेखी ताकीद, निलंबन की बडतर्फी, हे रुग्णालयाचं स्वतःचं धोरण ठरवतं. म्हणून बैठकीआधी ती 'सँक्शन पॉलिसी' मिळवून वाचा. सहसा तिच्यात तीन पायऱ्या असतात: चुकून झालेलं, कामाशी संबंध नसताना पाहिलेलं, आणि फायद्यासाठी किंवा कुणाला त्रास द्यायला केलेलं. तुमचं प्रकरण दुसऱ्या पायरीवर येतं, आणि पहिल्याच वेळी काढण्याची मुभा बरीच रुग्णालयं इथूनच राखून ठेवतात.

मैत्रिणीची परवानगी होती, हे जरूर सांगा. पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. तिला रिपोर्ट हवा असेल तर मायचार्टसारखं रुग्णांसाठीचं पोर्टल आहे, रेकॉर्ड विभाग आहे. तुमचं लॉगिन तुम्हाला दिलेल्या कामापुरतं आहे. तिच्याकडून घाईघाईने पत्र लिहून घ्यायला जाऊ नका, तो दबाव वाटतो. तिच्याशी बोलायचं काम कम्प्लायन्सवर सोडा.

बैठकीत सर्वांत महाग पडतं ते 'चुकून उघडलं' हे वाक्य. कोणत्या लॉगिनने, किती वाजता, कोणती पानं उघडली, हे ऑडिट लॉगमध्ये असतं. नाव टाइप करून शोधलेलं तिथे दिसत असेल, तर मूळ चुकीत खोटं बोलल्याची भर पडते, आणि पुष्कळदा नोकरी त्या भरीमुळे जाते. काय पाहिलं, का पाहिलं, कुणाला सांगितलं, छापलं का, हे सरळ सांगा. माहिती तिच्याशिवाय कुणाकडे गेली नसेल तर ते ठामपणे सांगा, कारण हा नियमभंग कळवण्याइतका गंभीर आहे का, हे ठरवताना माहिती कुणाच्या हाती गेली ते बघितलं जातं.

आपली बाजू मांडायला म्हणून ती फाइल पुन्हा उघडू नका, स्क्रीनशॉट घेऊ नका. तो नवा गुन्हा ठरतो. नोकरीवरून काढण्याची नोटीस मिळाल्यावरही वरिष्ठांच्या आणि सहकाऱ्यांच्या नोंदी उघडत राहिलेल्या यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एका संशोधकाला २०१० मध्ये ४ महिन्यांचा तुरुंगवास झाला.

चौकशी सुरू होताच तुमचं लॉगिन बंद झालं तर नोकरी गेलीच असं समजू नका. बाहेर पडलेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेश बंद करायला विसरलेल्या कोलोरॅडोतल्या पॅगोसा स्प्रिंग्ज मेडिकल सेंटरला २०१८ मध्ये १,११,४०० डॉलर भरावे लागले होते. तेव्हा रुग्णालयं या बाबतीत जोखीम घेत नाहीत.

युनियन असेल तर चौकशीला प्रतिनिधी सोबत हवा, असं तुम्ही स्वतः म्हणायला हवं. तो हक्क मागितल्यावरच मिळतो. युनियन नसेल तर मोंटाना सोडून बाकी राज्यांत नोकरी 'ॲट विल' असते, म्हणजे कारण न देताही काढता येतं, आणि हिपाच्या आधारे तुम्हाला खाजगी दावा लावता येत नाही. मात्र हेच केलेल्या इतरांना फक्त ताकीद मिळाली आणि तुम्हालाच काढलं, आणि त्यामागे वंश किंवा मूळ देश असल्याचा संशय असेल, तर रोजगार वकिलाला लगेच भेटा.

'राजीनामा द्या, नोंद स्वच्छ राहील' असं सुचवलं तर त्याच खोलीत सही करू नका. एच-१बीवर मुदत संपण्याआधी मालकाने काढलं तर मायदेशी परतण्याचा रास्त प्रवासखर्च त्याने द्यायचा असतो. स्वतःहून सोडलंत तर तो मिळत नाही. दोन्ही प्रकारांत नोकरी संपल्यापासून अमेरिकेत राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ (देशात राहण्याची मुदत दाखवणारी नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेच. म्हणून शेवटचा पगारी दिवस कोणता, पुढच्या मालकाने विचारल्यावर रुग्णालय काय सांगणार आणि परत नोकरीवर घेण्यास पात्र मानणार का, या तिन्ही गोष्टी लेखी मागा, मगच सहीचा विचार करा.