हाई कॉफी शे का सलाईन?

तुमचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी घरची कॉफी.

प्रश्न: भाऊ, सूनबाईने बंगळुरूहून स्टीलचा कॉफी फिल्टर आणला, सोबत अर्धा किलो पावडर. ती परत गेली नोकरीवर अन् फिल्टर आला माझ्या गळ्यात. सकाळी सहाला पाणी ओततो, आठ वाजले तरी खालच्या भांड्यात चमचाभर काळं पाणी, मग वैतागून चहाच टाकतो. आमची मंडळी म्हणते, "हाई कॉफी शे का सलाईन?" कुठे चुकतंय?
– एक निवृत्त शिक्षक, पारोळा

उत्तर: गुरुजी, वहिनींना माझ्याकडून शंभरपैकी शंभर. आता सांगा, ती दांडीवाली चकती असते ना फिल्टरमधे, ती तुम्ही बरणीत लोणचं दाबल्यासारखी दाबता का? मला पक्का डाउट आहे दाबत असणार, सगळे दाबतात. पावडर टाकली की भांडं जरा हलवून सपाट करायची अन् चकती नुसती टेकवायची, बस.

मग पाकिटावर चिकोरी किती ते बघा. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं, त्यात कॅफिन नसतं, पण पाणी धरून ठेवते म्हणून डिकॉक्शन, म्हणजे खालच्या भांड्यात उतरणारा कॉफीचा अर्क, दाट अन् सावकाश उतरतं. साऊथवाले मुद्दामच टाकतात, निव्वळ कॉफी त्याच फिल्टरमधून भसकन खाली येते अन् पातळ लागते. ८०-२० वाली पावडर (८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी) असेल तर पंधरा-वीस मिनिटं लागणारच, तेवढा दम धरा, पण दोन तास म्हणजे काहीतरी अडकलंय.

माझं काय अडकायचं ते सांगतो. मी वाढलो भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधे, शेजारच्या तमिळ मामींकडे बघून फिल्टर घेतला आणि दोन-तीन महिने रोज त्याला शिव्या घातल्या. मामींनी एकदा येऊन वरचं भांडं फक्त जरासं उचललं, फुस्स आवाज आला आणि धार सुरू! दोन्ही भांडी इतकी घट्ट बसायची की खालच्या हवेला बाहेर पडायला जागाच नाही, मग पाणी उतरणार कसं. तुम्ही आधी हेच करून बघा, फुकटातलं आहे.

तरीही नाही उतरलं तर भोकं बुजलीत. वरचं भांडं सांडशीने धरून गॅसवर तापवा, अडकलेली पावडर जळून निघते, मग ठोकून धुवा. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर पांढरा थर बसलेला असणार, बादलीला बसतो तोच, त्याला रात्रभर लिंबूपाण्यात भिजवणे हा इलाज. कॉफीला शक्यतो नळाचं पाणी घ्या. बोअरचंच असेल तर उकळून निवू द्यायचं, वरचं निथळ घ्यायचं आणि परत तापवायचं. आरओचं एकदम कोरं पाणीपण मला आवडत नाही, कॉफी फिकी लागते.

माप: दोघांना तीन भरलेले चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम, आणि १२० ते १५० मिली पाणी. आधी पावडर भिजेल एवढंच ओता, अर्धा मिनिट थांबा, मग बाकीचं. आणि हात जोडून सांगतो, डिकॉक्शन गॅसवर ठेवू नका, कडू होतं, त्यावर कडकडीत दूध ओता. आपल्याकडचं दूध म्हशीचं, दाट, त्यामुळे डिकॉक्शन कंजूषपणे टाकलं तर नुसतं गोड दूध प्यायल्यासारखं होतं.

प्रश्न: दादा, जळगावला रूम करून राहते, इंडक्शन आहे. रील्समधला तो मोका पॉट घेऊ का? फ्रीज खाली घरमालकीण काकूंचा वापरू देतात.

उत्तर: ताई, तो पॉट, म्हणजे वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारी किटली, इटलीतल्या बियालेत्तीने १९३३ मधे काढली, मूळची ती अॅल्युमिनियमची आणि अॅल्युमिनियम इंडक्शनवर तापत नाही. स्टीलचेही मिळतात, फक्त दुकानात जाताना लोहचुंबक घेऊन जा, बुडाला चिकटला तर घ्या. पण मला विचाराल तर मे महिन्यात, ४४-४५ डिग्रीत, वरच्या मजल्यावर पत्र्याखाली गरम कॉफी कशाला? त्यापेक्षा गार कॉफी करा. ५० ग्रॅम कॉफी रव्यापेक्षा जाड दळलेली, अर्धा लिटर गार पाणी, बरणीत ढवळून झाकण लावून फ्रीजमधे १२ ते १४ तास. बाहेर ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात बाहेर काहीच टिकत नाही. सकाळी चाळणीतून, मग ओल्या सुती फडक्यातून गाळा, फडकं हलकं उचला, पिळू नका, नाहीतर गाळ उतरतो. चार दिवस जाते. निम्मं पाणी किंवा दूध घालून प्यायची, नुसती पिऊ नका, रात्रभर डोळे टक्क उघडे राहतील. मिक्सरमधे दळणार असाल तर थांबून थांबून फिरवा, एकदम फिरवलं की बिया गरम होतात अन् वास तिथेच उडतो. काकूंनाही एक ग्लास द्या, फ्रीज त्यांचा आहे.

प्रश्न: केळीच्या बागेत सावलीला कॉफी लावून घरचीच करता येईल का? – रावेर

उत्तर: जिभाऊ, सावली लागते हे बरोबर, पण थंड डोंगरही लागतो. आपल्या महाराष्ट्रात कॉफी होते ती चिखलदऱ्याला, साधारण ११०० मीटरवर. तापीकाठचं ऊन ते झाड सहन करणार नाही. केळीच राहू द्या, वेफर्स तळा, कॉफी विकत आणा.