पाच वर्षांची हमी दिलेला कंत्राटदार फोन उचलत नसेल तर

ताई, तुम्ही लिहिलंय की चौदा महिन्यांपूर्वी बाथरूम पूर्ण फोडून नवं केलं, कोटेशनवर 'वॉटरप्रूफिंगची ५ वर्षं हमी' आहे, खालच्या काकूंच्या छताला ओल आलीय आणि कंत्राटदार दोन महिने 'उद्या येतो'वर ढकलतोय. आमच्याकडेही हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक विनंती. दुसरा मिस्त्री बोलावून टाइल फोडू नका, काकू कितीही मागे लागल्या तरी. एकदा फोडलं की 'तुमच्या माणसाने बिघडवलं' म्हणायला तो मोकळा होतो आणि तुमच्या हातात पुरावा राहत नाही.

आधी पाणी कुठून जातंय ते पक्कं करा. दोन-तीन दिवस बाथरूम अजिबात वापरू नका, पण लाइनचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. तरीही ओल तशीच वाढत राहिली तर संशय पाइपवर. (कोब्यात मुरलेलं पाणी काही दिवस झिरपतच राहतं, त्यामुळे एका दिवसात निष्कर्ष काढू नका.) मग नहाणी ट्रॅप (जमिनीतली, पाणी निघून जायची जाळीखालची वाटी) फडक्याने घट्ट बुजवून जमिनीवर इंचभर पाणी भरा आणि २४ तास ठेवा; ओल वाढली तर संशय जमिनीच्या वॉटरप्रूफिंगवर. शेवटी ट्रॅप उघडून फक्त त्यातच बादलीभर रंगीत पाणी ओता; खाली रंग दिसला तर संशय ट्रॅपवर.

आमच्याकडे मी टाइलवर पेन्सिलने पाण्याची रेघ मारली होती. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेला जवळजवळ तसंच होतं आणि खालचा डागही वाढला नव्हता. मग ट्रॅपमध्ये खायचा लाल रंग घातलेलं पाणी ओतलं. खाली काका टॉर्च घेऊन स्टुलावर उभे होते. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, "लाल थेंब आला!" ट्रॅप आणि टाइलमधली फट नुसत्या पांढऱ्या सिमेंटने भरलेली निघाली. हा व्हिडिओ पाठवल्यावर कंत्राटदार त्याच आठवड्यात आला. पूर्ण बाथरूम फुकट करून द्यावं लागेल या धास्तीने तो टाळत होता. ट्रॅपभोवतीच्या टाइल काढून काम झालं. माझं ठाम मत आहे की दोष नेमका दाखवला की बरेच जण येतात.

तुमचा नाहीच आला, तर आता लेखी बोला. स्पीड पोस्टने पत्र पाठवा, पोहोचल्याची नोंद जपा आणि तेच व्हॉट्सॲपवरही टाका. कामाची तारीख, दिलेली रक्कम, कोटेशनवरचे हमीचे शब्द जसेच्या तसे, चाचणीत काय दिसलं हे सगळं त्यात येऊ द्या. १५ दिवसांची मुदत द्या आणि स्पष्ट लिहा की नाहीतर दुसऱ्याकडून करून खर्च वसूल करेन. जुनं चॅट डिलीट करू नका. रोख दिलेले पैसे आणि तारखा एका कागदावर मांडून ठेवा.

महारेराकडे (बिल्डरांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) जाऊ नका. रेरा कायद्यातली पाच वर्षांची दोषदुरुस्ती ही इमारत बांधून ताबा देणाऱ्या बिल्डरसाठी आहे, तुमच्या रिनोव्हेशनवाल्याला ती लागू नाही. तुमचा रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि कामाचे दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. पण सिव्हिल इंजिनिअरचा फोटोंसह लेखी अहवाल जोडाच, कारण 'काम वाईट झालं' एवढ्यावर समोरचा सहज हात झटकतो.

मुदत २ वर्षांची आहे. ती पहिली ओल दिसली त्या दिवसापासूनच धरा. त्याच्या 'उद्या येतो'च्या भरवशावर ती वाया घालवू नका.

दरम्यान काकूंना पत्राची प्रत द्या आणि चाचणीच्या वेळी बोलवा. त्यांच्या छताचे तारखेनिशी फोटो तुम्हालाच लागणार आहेत.

आणि तो आला, तर नव्या टाइल बसवण्याआधी तिथंच परत पाणी भरायला लावा, २४ तास. तोवर एकही पैसा हातात देऊ नका.