मशीन विकून मुलीसाठी सीट घेऊ नका

नाशिकच्या सिडकोतल्या एका वडिलांचं पत्र आलंय. अंबडला त्यांचं सीएनसीचं, म्हणजे कम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं छोटं शॉप आहे, चार मशीन, अकरा माणसं, सगळं जॉबवर्क, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी पार्ट करून देणं. मुलीला बारावीला 71 टक्के, सीईटीला 78 पर्सेंटाइल. त्यांना तिला पुण्यात कम्प्युटरला घालायचंय, मॅनेजमेंट कोट्यातून, आणि त्या फीसाठी त्यातलं एक मशीन, टर्निंग सेंटर, विकायचं मनात आहे, नाहीतर वर्षभर ड्रॉप. मुलगी म्हणते मला मेकॅनिकल करून शॉपवरच यायचंय. वडील लिहितात, "22 वर्षं या डबक्यात काढली, तिला यात पडू देणार नाही. देश मोठ्या कंपन्या चालवतात, आपण त्यांचे हमाल. त्यात ती मुलगी."

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मार्कांची मला जराही काळजी वाटली नाही, 78 पर्सेंटाइलवर मेकॅनिकलला नाशिकमध्येच कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशातून सीट मिळायला हरकत नाही. काळजी वाटली ती त्या "डबक्या"ची. कारण हा शब्द तुम्ही मला पहिल्यांदा लिहिला असला तरी घरात पहिल्यांदा नक्कीच बोलला नसणार, जेवताना, पेमेंट अडकलं की, माणूस सोडून गेला की, लाइट गेली की, आणि ती समोर बसून ऐकत असणार. माझ्याकडे दरवर्षी सातपूर-अंबडच्या शॉपवाल्यांची मुलं येतात. पप्पा काय करतात विचारलं की मान खाली घालून म्हणतात, "काही नाही, छोटंसं आहे." शेजारी बाप बसलेला असतो आणि तोही मान हलवतो. मला ते बघवत नाही.

तुमची पोरगी मान खाली घालत नाहीये हे तुमच्या लक्षात आलंय का? पत्राच्या मधेच तुम्ही एक गोष्ट लिहिलीत आणि लगेच पुढे गेलात. दिवाळीच्या सुट्टीत बुशचा (मधे भोक असलेल्या गोल पार्टचा) लॉट चालू होता, ती सहज भोक मोजायचं बोअर गेज घेऊन बसली, आणि बोअर, म्हणजे ते भोक, 12 मायक्रॉन मोठा जातोय हे ऑपरेटरच्या आधी तिने पकडलं. कापणारं इन्सर्ट झिजलं असेल म्हणून मशीनमधलं माप, ऑफसेट, बदललं होतं ते चुकलं होतं. अहो, सतरा वर्षांची मुलगी पाचशे बुशचं रिजेक्शन वाचवते! एक केस घ्या आणि त्याचे उभे पाच-सहा भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा तो फरक, आणि तो तिच्या हाताला कळला. हे क्लासला फी भरून येत नाही. तुम्ही ज्या मशीनवर ती हे शिकली तेच मशीन विकायला निघालात, तिला न आवडणाऱ्या ब्रँचची सीट घ्यायला.

आणि "त्यात ती मुलगी" यावर एवढंच सांगते, बोअर गेजला हे कळत नाही. शॉपवर मुलींसाठी धड टॉयलेट नसेल तर ते बांधा, ती खरी अडचण आहे, बाकी काही नाही.

आता तुमचा मोठा गैरसमज. देश मोठ्या कंपन्या चालवतात हे अर्धंच खरं आहे. केंद्राच्या 2015-16 च्या पाहणीत देशात सुमारे 6.34 कोटी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग निघाले आणि त्यात 11.10 कोटी माणसं काम करत होती. शेती सोडली तर एवढ्या हातांना काम देणारं दुसरं काही आपल्याकडे नाही. देशाच्या उत्पन्नात यांचा वाटा साधारण 30 टक्के, निर्यातीत 45 टक्क्यांच्या आसपास. जपानसारख्या देशातसुद्धा 99 टक्क्यांहून जास्त उद्योग लघु-मध्यमच आहेत आणि नोकरदारांतले साधारण 70 टक्के लोक त्यांच्याकडे आहेत. आपल्या नाशिकचंच बघा ना, 1964 ला ओझरला एचएएल आलं, मग मायको (आताची बॉश), महिंद्रा, आणि त्यांच्या आजूबाजूला अंबड, सातपूर, सिन्नरला शेकडो शेड उभ्या राहिल्या, कुणी बुश करतं, कुणी प्रेसवर पत्रा, कुणी प्लेटिंग. तुमच्याकडून आठ दिवस माल गेला नाही तर त्यांची लाइन थांबते, म्हणूनच तर रात्री अकराला फोन येतो ना. हमालाला कुणी रात्री अकराला एवढ्या कळकळीने फोन करत नाही.

पण मी छोट्या उद्योगाची आरतीही ओवाळणार नाही. त्याच पाहणीत एक आकडा आहे जो मला जास्त टोचतो. सूक्ष्म उद्योग 630 लाख, लघु 3.31 लाख, आणि मध्यम फक्त 5 हजारांच्या आसपास. म्हणजे कोट्यवधी लोक पहिल्या पायरीवर आणि पुढची पायरी जवळजवळ रिकामीच. 1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्यात, आता मशिनरीत अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटीपर्यंत सूक्ष्मच धरतात, त्यामुळे तुमचं शॉपही तिथेच बसेल. तिथून वर का जाता येत नाही? बऱ्याचदा मालक मशीन लावून देणारा सेटर स्वतःच, स्वतःच पर्चेस, स्वतःच वसुली, आणि कॉस्टिंग डोक्यात. दुसरं शिकलेलं माणूस नसतं. ड्रॉइंग वाचणारं, कोटेशन नीट काढणारं, नव्या कस्टमरशी बोलणारं. तुमच्या घरात ते माणूस स्वतःहून यायला तयार आहे आणि तुम्ही त्याला बाहेर पाठवताय, आणि पगारावर तसं माणूस शोधायला गेलात तर टिकत नाही हे तुम्हीच लिहिलंय.

मला वाटतं तुमचा राग धंद्यावर नाहीच, तो पेमेंटवर आहे. कंपनी 45 दिवस म्हणते आणि 120 दिवसांनी पैसे देते, तोवर बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा, फुल, पगार उसने घेऊन. यात कुणाचाही जीव विटेल. पण यावर इलाज मुलीचं करिअर बदलणं हा नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यात 45 दिवसांच्या वर उधारी चालत नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आता आयकरातही सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही तर कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. तक्रार केली तर पुढची पीओ, म्हणजे ऑर्डर, येणार नाही ही तुमची भीती खोटी नाही, मी तसं झालेलं पाहिलंय. म्हणून आधी ट्रेड्स (TReDS) बघा, बिलांवर लवकर पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था. बिल तिथे चढवायचं, कंपनीने मान्य केलं की बँका बोली लावतात आणि थोडं व्याज कापून एक-दोन दिवसांत पैसे तुमच्या खात्यात, पुढे कंपनी बँकेला देत बसेल. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, झाली नसेल तर आधी ती करा, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

आणि हे काम तिला द्या. खरंच. मागच्या वर्षभराची बिलं, कधी दिली, पैसे कधी आले, किती दिवस, एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तिला मांडू दे. महिनाभरात तुम्हालाही कळेल कुठलं काम पोसतंय आणि कुठलं रक्त पितंय, आणि तिलाही कळेल धंदा म्हणजे नुसता बोअर गेज नाही. त्यानंतरही यायचंच म्हणाली तर तिचं म्हणणं पक्कं समजा.

रूटचं थोडक्यात: कॅपमधून मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शन, नाहीतर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि मग डिग्री. ड्रॉप नको, ज्या ब्रँचमध्ये मन नाही तिच्यासाठी तर अजिबात नको.

एक अट मात्र मी तिलाही घालेन. डिग्रीनंतर लगेच घरच्या शॉपवर नाही. दोन वर्षं दुसरीकडे, जमलं तर टूलरूममध्ये, म्हणजे डाय-साचे बनतात तिथे, जिथे ती मालकाची मुलगी नाही, जिथे चूक झाली की सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. घरी तुमची माणसं तिला "ताई" म्हणतात आणि चुका झाकतात, त्यात ती अर्धीच शिकेल. आणि दोन वर्षांनी तिला तिथेच राहावंसं वाटलं तर राहू द्या, तेव्हा शॉपसाठी अडवू नका, नाहीतर आज करताय तेच उलट बाजूने कराल.

मशीन बघायला कुणी येणार असेल तर फोन करून नको म्हणून सांगा. आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म तिला स्वतःला भरू द्या, तुम्ही शेजारी बसा, पण माऊस तिच्या हातात.